'बाबा'चं 'मामा' का होतं? मऊ टाळूच्या पाच स्नायूंबद्दल

बोलकी_पाटी

गेल्या आठवड्यात माझ्याकडे चार वर्षांची एक मुलगी आली होती. जन्मतः टाळू दुभंगलेली, अकराव्या महिन्यात शिवलेली. आईनं फाइल टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ताई, भोक बुजलंय. डॉक्टरांनी बॅटरी मारून दाखवलंय मला. मग ही अजून बाबांना मामा का म्हणते?"

मी गेली सतरा वर्षं वाचाउपचार करते आणि हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच. दवाखान्यातल्या वीस मिनिटांत पुरं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे निवांत लिहितेय.

आधी एक करून बघा. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे लावा आणि टाळूवरून हळूहळू मागे न्या. आधी खरखरीत वळ्या लागतील, मग गुळगुळीत कडक छत लागेल आणि मग एकदम हाड संपून मऊ लागेल. तिथून मागे मऊ टाळू. तिच्या टोकाला लोंबते ती पडजीभ. आता आरशासमोर मोठ्यानं 'आ' म्हणा. पडजीभ वर उचलली जाईल, पण खरं तर ती एकटी उचलली जात नाही, तिच्यामागचा अख्खा पडदा वर आणि मागे जातो आणि घशाच्या मागच्या भिंतीला टेकतो. तोंड आणि नाक यांच्यामधलं दार बंद होतं.

मराठीत म, न, ण, ङ, ञ म्हणताना हे दार उघडं राहतं. बाकीच्या व्यंजनांना ते बंदच लागतं. 'ब' म्हणताना मिटलेल्या ओठांमागे हवा कोंडायची असते आणि मग ती सोडायची असते. दार फटीतून गळत असेल तर हवा कोंडतच नाही, नाकातून निघून जाते. ओठ मिटलेले आणि हवा नाकातून, म्हणजे 'म'. झालं, बाबांचं मामा झालं. सर्दीत ह्याच्या बरोब्बर उलट होतं. नाक चोंदलं की मामांचे बाबा होतात. दोन्हीला लोक 'नाकात बोलणं'च म्हणतात, पण एकात हवा नाकातून जास्त जाते आणि दुसऱ्यात जातच नाही.

हे दार ओढणारे, ताणणारे, खाली आणणारे स्नायू पाच. प्रत्येक बाजूला एकेक. नावं लॅटिन आहेत, पण कामं समजायला सोपी आहेत.

लिव्हेटर व्हेली पॅलाटिनी हा बोलण्यातला कर्ता पुरुष. कवटीच्या तळाशी, कानाजवळच्या हाडापासून निघतो, खाली आणि मध्ये येतो आणि टाळूच्या मध्यावर दुसऱ्या बाजूच्या जोडीदाराला भेटतो. दोघं मिळून झोळी होते. बाळाची झोळी दोन टोकांना बांधलेली असते तशीच, फक्त इथे टोकं आखडली की झोळीतला टाळूचा भाग वर आणि मागे उचलला जातो.

टेन्सर व्हेली पॅलाटिनी टाळू ताणतो आणि कान उघडतो. त्याची वाट मला फार आवडते. वरून सरळ खाली येतो, शेवटच्या वरच्या दाढेच्या मागे हाडाचा एक छोटा आकडा असतो, त्याला वळसा घालून आडवा होतो आणि टाळूत पसरतो. विहिरीच्या रहाटावरून दोर दिशा बदलतो ना, तसंच. त्या आकड्याचं नाव हॅम्युलस. शेवटच्या दाढेमागे, किंचित आतल्या बाजूला जिभेचं टोक नेलं तर बऱ्याच जणांना तो टणक दाणा लागतो.

पॅलॅटोग्लॉसस टाळूपासून जिभेकडे उतरतो, पॅलॅटोफॅरिंजियस घशाकडे. 'आ' केल्यावर पडजिभेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन कमानी दिसतात. पुढची कमान पहिल्याची, मागची दुसऱ्याची. मधल्या कोनाड्यात टॉन्सिल बसलेला असतो. पहिला घास मागे सरकल्यावर तोंडाचं दार लावतो, दुसरा गिळताना घसा वर उचलतो. पाचवा मस्क्युलस युव्हुली, पडजिभेतला छोटा स्नायू. तो आखडला की टाळूच्या वरच्या पृष्ठावर मधोमध उंचवटा येतो आणि दार बंद होताना तिथली फट भरून निघते.

आता मुद्द्यावर येते. टाळू दुभंगते तेव्हा नुसती फट पडत नाही. झोळीची दोन टोकं मध्यावर भेटायची असतात, पण मध्ये रिकामं असल्यामुळे ती भेटत नाहीत. ती पुढे वळतात आणि कडक टाळूच्या मागच्या कडेला चिकटतात. आडवी जायची ती उभी होतात. असा स्नायू कितीही जोरात आखडला तरी काही उचलत नाही. वरचं कातडं शिवून फट बुजवली पण स्नायू तसेच राहिले, तर बॅटरीच्या उजेडात टाळू सुरेख दिसते आणि मूल बाबांना मामाच म्हणतं. म्हणून चांगल्या शस्त्रक्रियेत हे स्नायू हाडापासून सोडवून, मागे फिरवून, आडवे करून एकमेकांना शिवतात. ऑट्टो क्रीन्स यांनी १९६९ मध्ये ह्या मांडणीचा आग्रह धरला. पुढे लेनर्ड फर्लो यांनी झेड आकाराच्या दोन उलटसुलट कापांनी टाळू लांब करण्याची आणि स्नायू आडवे करण्याची पद्धत १९८६ मध्ये प्रसिद्ध केली.

माझी आईबाबांना एवढीच विनंती आहे, "भोक बुजलं का?" एवढं विचारून थांबू नका. "स्नायू जोडले का, आणि टाळू हलतेय का?" हेही विचारा.

सांजवारा

फार सुंदर लिहिलंय. टेन्सर कान उघडतो म्हणजे विमानात चॉकलेट चघळायला देतात ते ह्यासाठीच का? दरवर्षी न्यू जर्सीहून येताना माझ्या लेकीचे कान उतरताना दुखतात. आणि कसारा घाटात गप्पकन कान बंद होतात, जांभई दिली की सुटतात, तेही हेच?

बोलकी_पाटी

हो, तेच. मध्यकर्णापासून नाकाच्या मागे एक नळी येते. एरवी ती मिटलेली असते. गिळताना आणि जांभई देताना टेन्सर तिची भिंत ओढतो, नळी क्षणभर उघडते आणि आतला-बाहेरचा दाब सारखा होतो. विमान उतरायला लागलं की लेकीला झोपू देऊ नका, घोट घोट पाणी द्या. तान्ह्या बाळाला त्या वेळी अंगावर पाजावं.

दुभंगलेल्या टाळूच्या बाळांत हा स्नायू नीट ओढत नाही, त्यामुळे जवळजवळ सगळ्यांच्याच मध्यकर्णात पाणी साठतं. दुखत नाही, ताप नाही, म्हणून कळत नाही. मूल अर्धवट ऐकतं आणि अर्धवट बोलतं. टाळूच्या मुलांची कानतपासणी ठरावीक काळानं व्हायलाच हवी, त्यात तडजोड नको.

आजोळ

मी साठीच्या पुढची. हा धागा वाचून हात थरथरले, म्हणून लिहिते.

१९७८ साली माझ्या जावेला मुलगा झाला. नर्स बाहेर येऊन म्हणाली, "बाळाच्या टाळूला भोक आहे." सासूबाईंनी लगेच बाळाच्या डोक्यावर हात ठेवला. आपल्याकडे टाळू म्हणजे आधी डोक्यावरची टाळू, तेल घालून भरायची ती. त्या म्हणाल्या, "सगळ्याच बाळांना असतं, तेल घातलं की भरेल." दोन दिवस बाळाच्या डोक्यावर तेल थापत होतो आणि इकडे पाजलेलं दूध नाकातून येत होतं. तिसऱ्या दिवशी माझ्या आईनं वाटीत दूध काढून, बाळाला उभं धरून, बोंडल्यानं थेंब थेंब पाजलं, तेव्हा पहिल्यांदा त्याचं पोट भरलं.

नंतर जे झालं ते ह्याहून वाईट. ग्रहणात हिनं विळीवर भाजी चिरली म्हणून पोराची टाळू चिरली, असं घरात ठरलं. वीस वर्षं जावेनं ते ऐकलं. ती आता नाही. पण कुणी डॉक्टरनं तेव्हा चार शब्द सांगितले असते तर तिचं आयुष्य वेगळं गेलं असतं.

बोलकी_पाटी

आजोळताई, तुमच्या जाऊबाईंना सांगता आलं नाही ते इथे सांगते, निदान वाचणाऱ्या एखादीला उपयोगी पडेल.

टाळू आधी एकसंध नसतेच. गर्भात ती दोन बाजूंनी दोन फळ्यांसारखी वाढते. सुरुवातीला त्या फळ्या जिभेच्या दोन्ही अंगांना खाली लोंबत असतात. मग जीभ खाली सरकते, फळ्या आडव्या होतात आणि मध्यावर, पुढून मागे, एकमेकींना चिकटत जातात. सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास हे सुरू होतं आणि बाराव्यापर्यंत पडजिभेपाशी पूर्ण होतं. कुठेतरी ते अडलं की फट राहते. काही घरांत आनुवंशिकता असते, काही औषधांचा, धूम्रपानाचा संबंध आढळतो, पुष्कळदा एकच एक कारण सापडत नाही. ग्रहणाचा आणि विळीचा काहीही संबंध नाही. जगभरात ओठ किंवा टाळू दुभंगलेली बाळं साधारण सातशे जन्मांमागे एक एवढी जन्मतात, ग्रहण असो वा नसो.

आणि तुमच्या आईनं केलं ते अगदी योग्य होतं. ह्या बाळांना ओढता येत नाही, कारण चोखायला तोंडात पोकळी बंद व्हावी लागते. उभं धरून, थोडं थोडं, वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं पाजणं, मध्ये मध्ये ढेकर काढणं, आजही आम्ही हेच शिकवतो.

रानजाई

मला विषय सोडून वाटतंय, पण विचारते. मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. तोंड उघडं टाकून झोपतो, घोरतो. अ‍ॅडेनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढलेत, काढून टाका असं सांगितलंय, पुढच्या महिन्याची तारीखही मिळालीय. तुमचा धागा वाचून सहज त्याच्या तोंडात बॅटरी मारली. पडजीभ मध्ये चिरलेली आहे, माशाच्या शेपटीसारखी. टाळूला भोक वगैरे नाही. तान्हा असताना दूध नाकातून यायचं. तेव्हा आम्ही ज्यांना दाखवलं ते म्हणाले होते, होतं असं, मोठा झाला की थांबेल. थांबलंही. बोलतो थोडा नाकात, पण घरात सगळ्यांना कळतं. काळजी करण्यासारखं आहे का?

शंखपुष्पी_डॉ

रानजाई, मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. विषय अजिबात सोडून नाही. तारखेच्या आधी हे तुमच्या सर्जनला दाखवा. फोनवर नको, मुलाला घेऊन जा आणि तान्हेपणीच्या दुधाचंही सांगा.

टाळू कधीकधी कातड्याखाली दुभंगलेली असते. वरचं आवरण अखंड, आत स्नायू मात्र जोडलेले नाहीत. बोलकी_पाटी यांनी सांगितलेली झोळी तिथेही सुटलेलीच असते. ओळखायच्या तीन खुणा आहेत: चिरलेली पडजीभ, टाळूच्या मध्यरेषेवर निळसर, पातळ, उजेड आरपार जाईल असा पट्टा, आणि कडक टाळूच्या मागच्या कडेला बोटाला लागणारी खाच. पडजीभ चिरलेली आहे म्हणून टाळू दुभंगलेलीच असेल असं नाही. पुष्कळांना नुसतीच चिरलेली पडजीभ असते आणि आयुष्यभर काही होत नाही. पण चिरलेली पडजीभ, दूध नाकातून आणि आवाज नाकात, असं तिन्ही असेल तर बघायलाच हवं.

घाई ह्यासाठी की मुलांमध्ये अ‍ॅडेनॉइड बरोबर त्या जागी असतं जिथे टाळू जाऊन टेकते. टाळू आखूड किंवा अशक्त असेल तर ती अ‍ॅडेनॉइडच्या आधारानं कशीबशी दार बंद करते. तेच काढून टाकलं की फट उघडी पडते, आवाज एकदम नाकातून यायला लागतो, पाणीही नाकातून येऊ शकतं. अ‍ॅडेनॉइडचा त्रास खरा असेल तर मार्ग आहेत. फक्त वरचा भाग काढून, टाळू टेकते तो खालचा भाग ठेवता येतो. पण ते आधी माहीत असलं पाहिजे.

रानजाई

धन्यवाद डॉक्टर. उद्याच जाते.

प्रथम_वर्ष

एमबीबीएस पहिलं वर्ष. हा धागा परीक्षेच्या आधी मिळाला हे नशीब. एक कायम अडतं: ह्या पाचांत एकाचीच नस वेगळी का? आणि एका बाजूची व्हेगस नस (मेंदूतून घशाकडे येणारी) लुळी पडली की पडजीभ चांगल्या बाजूला जाते की वाईट?

शंखपुष्पी_डॉ

टेन्सर वेगळ्या घरातला आहे. तो चघळण्याच्या स्नायूंबरोबर गर्भातल्या पहिल्या कमानीतून येतो, म्हणून त्याला ट्रायजेमिनल ह्या चेहऱ्याच्या नसेची मँडिब्युलर, म्हणजे खालच्या जबड्याकडची, शाखा. टेन्सरच्या 'ट'ला ट्रायजेमिनलचा 'ट', एवढं लक्षात ठेवा. बाकी चारांना घशातल्या नसांच्या जाळ्यातून व्हेगस. पॅलॅटोग्लॉसस जिभेत शिरतो, पण त्यालाही व्हेगसच. जिभेच्या बाकी स्नायूंना हायपोग्लॉसल ही वेगळी नस, म्हणून तोंडी परीक्षेत हे विचारतातच.

पडजीभ चांगल्या बाजूला जाते. रस्सीखेच आठवा. एका बाजूच्यांनी दोर सोडला की दोर दुसरीकडे जातो. घटसर्पात हे दोन्ही बाजूंना होऊ शकतं. आजार झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मूल अचानक नाकात बोलायला लागतं आणि पाणी नाकातून येतं, कारण विषामुळे टाळूच्या नसा लुळ्या पडलेल्या असतात. लस चुकलेल्या मुलात हे दिसलं तर थांबायचं नाही.

देवगडकर

वाचाउपचार करणाऱ्यांसाठी एक विनंती. माझा पुतण्या मुंबईत शाळेत जातो, घरी आम्ही सगळे मालवणी बोलतो. शाळेतल्या बाईंनी कळवलं की हा नाकात बोलतो, तपासून घ्या. तपासलं, काहीही निघालं नाही. 'खंय', 'हंय', 'थंय' हे आमच्याकडे नाकातूनच म्हणायचे असतात.

बोलकी_पाटी

देवगडकर, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. कोकणीत तर टाळू खाली आली की अर्थ बदलतो. 'ती' म्हणजे ती बाई, 'तीं' म्हणजे ती नपुंसकलिंगी अनेक. फरक फक्त दार किती उघडलं एवढाच. पाणिनीनं अनुनासिकाची व्याख्या केली ती तोंड आणि नाक दोन्हींनी मिळून उच्चारला जाणारा वर्ण अशी. जुन्या मराठीतही घरें, आंत असे अनुस्वार लिहीत, पुढे प्रमाण बोलीतून ते उच्चार गेले आणि १९६२ च्या लेखननियमांनी लिहिण्यातूनही गेले. किनाऱ्यावर उच्चार टिकला. तो दोष नव्हे. म्हणूनच आम्ही स्वरांवरून नाही, तर प, ब, ट, क, स अशा व्यंजनांवरून ठरवतो.

घरी करून बघायची तपासणी सांगते. स्टीलचा थंड चमचा किंवा छोटा आरसा मुलाच्या नाकपुड्यांखाली आडवा धरा आणि "पोपट पेरू खातो", "काका काकडी कापतो" म्हणायला सांगा. ह्या वाक्यांत एकही अनुनासिक नाही, म्हणजे दार सतत बंद हवं. चमचा स्वच्छ राहायला हवा. प्रत्येक 'प'ला आणि 'क'ला वाफ उमटत असेल तर हवा गळतेय. "नाना, मामा" म्हटल्यावर वाफ येणारच, ती बरोबर आहे. एक काळजी घ्या: चमचा वाक्य सुरू झाल्यावर धरा आणि संपायच्या आत काढा, नाहीतर नेहमीच्या श्वासाची वाफ दिसेल. यावरून निदान करायचं नाही, फक्त कुणाला दाखवायचं का एवढं कळतं.

तिसरं_सप्तक

गाणं शिकवते. आकार लावताना विद्यार्थ्यांना मी "आतून जांभई द्या" म्हणते. आज कळलं की मी त्यांना टाळू उचलायला सांगत होते.

नदीकाठ

आमच्या शेजारच्या मुलाची टाळू शिवली, तरी आवाज नाकात होता. त्याला रोज फुगे फुगवायला आणि शंख फुंकायला लावलं, वर्षभर. स्नायू आहे म्हणजे व्यायामानं बळकट होणारच ना? ज्यांना शस्त्रक्रिया परवडत नाही त्यांनी हे करावं असं सुचवतो.

बोलकी_पाटी

नदीकाठ, तुमची कळकळ समजते, पण ह्याला मला स्पष्ट नाही म्हणावं लागेल, कारण ह्यात मुलांची वर्षं जातात. फुंकताना टाळू ज्या पद्धतीनं बंद होते ती बोलतानाच्या पद्धतीहून वेगळी असते. शिट्टी मस्त वाजवणारी आणि 'प' नाकातून म्हणणारी मुलं मी पाहिली आहेत. फुगे, शिट्टी, मेणबत्ती, शंख, कशानंही बोलणं सुधारत नाही. टाळू आखूड असेल तर व्यायामानं लांब होत नाही, आणि स्नायू चुकीच्या दिशेला चिकटलेला असेल तर तो बळकट होऊनही चुकीच्याच दिशेला ओढणार.

वाचाउपचारानं सुधारतं ते वेगळं आहे. ज्या मुलाच्या तोंडात हवा कोंडत नाही ते स्वतःच पळवाट काढतं. 'क', 'ट' तोंडात करायच्या ऐवजी खाली घशात, स्वरयंत्रापाशी झटका देऊन करतं. 'काका' ऐवजी 'आ-आ' असं तुटक ऐकू येतं. ही सवय टाळू नंतर कितीही छान झाली तरी आपोआप जात नाही. ती मोडायला उपचारच लागतात, आठवड्यातून एकदोनदा आमच्याकडे आणि रोज पंधरा मिनिटं आईबाबांबरोबर. उलट फट मोठी असेल तर कितीही उपचार करून ती बुजत नाही, तिथे दुसरी शस्त्रक्रिया किंवा कवळीसारखं साधन लागतं. कोणाला काय हवं हे नाकातून बारीक दुर्बीण घालून, बोलताना टाळू हलते कशी ते बघून ठरतं. साधारण चार-पाच वर्षांचं मूल ही तपासणी करू देतं.

आणि परवडण्याचं म्हणाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ आणि टाळू यांचा समावेश आहे. २०१३ मध्ये त्याची सुरुवात आपल्या पालघरमधूनच झाली. त्यांची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात, तेव्हा मूल दाखवा. स्माइल ट्रेन ह्या सेवाभावी संस्थेशी जोडलेल्या रुग्णालयांतही शस्त्रक्रिया मोफत होते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत वाचा आणि श्रवण दोन्हींची तपासणी होते.

रानजाई

जाऊन आले. डॉक्टरांनी बोट घालून पाहिलं, खाच लागली म्हणाले. मध्ये निळसर पट्टाही दाखवला मला, इतके दिवस समोर होता. अ‍ॅडेनॉइडची तारीख रद्द केली. आता दुर्बिणीची तपासणी आणि कानाची तपासणी आहे. रात्री चमचा धरून बघितला. "पोपट पेरू खातो" म्हणताना तीनदा वाफ आली, 'पो'ला, 'पे'ला आणि 'खा'ला.

मुलानं विचारलं, "आई, चमचा का रडतोय?" मी त्याला जवळ घेतलं फक्त.

बोलकी_पाटी

रानजाई, कानाचा रिपोर्ट आला की मला व्यनि करा. तपासणीला जाल तेव्हा त्याचं आवडतं गोष्टीचं पुस्तक बरोबर न्या. दुर्बीण आत असताना त्याला बोलायला लावावं लागतं, आणि ओळखीची गोष्ट असली की मुलं न घाबरता बोलतात.